भिडू कुणी पाडले?

भिडू पाडायची आमच्या सोलापुरातल्या गल्लीतली पद्धत अशी होती. आधी दोन राजे ठरायचे. ज्याची बॅट तो एक, आणि सगळ्यांत थोराड तो दुसरा. बाकीच्यांनी जोड्या लावायच्या, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून विजेच्या डांबापर्यंत जायचं आणि कानात नावं ठरवायची. परत येऊन राजांपुढे उभं राहायचं: "कुणाला हवा चंद्र, कुणाला हवा सूर्य?" राजा म्हणाला चंद्र, की चंद्र त्याचा भिडू आणि सूर्य समोरच्याचा. जोडी लावताना एक पथ्य असायचं. चांगला खेळणारा चांगल्याशीच जोडी लावणार, बेताचा बेताच्याशी. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या व्हायच्या. गल्लीत घरी तेलुगू बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते, मागच्या बोळातून दख्खनी बोलणारी पोरं यायची. आज कोण कुणाच्या वाट्याला येईल हे कुणालाच आधी माहीत नसायचं.

आठवी-नववीत हे बंद झालं. टेनिस बॉलच्या स्पर्धा आल्या, त्यांच्याबरोबर प्रवेश फी आली, रोख बक्षीस आलं, टी-शर्ट आले. टी-शर्टवर मंडळाचं नाव आलं, आणि मंडळ म्हटलं की भिडू आधीच ठरलेले. मैदान तेच, पोरंही तीच. काल ज्याच्या गळ्यात हात होता तो आता समोरच्या टीममध्ये होता, आणि त्याला "आउट बे, आउट!" म्हणून ओरडताना आवाजात वेगळीच धार यायला लागली होती.

'खेळामुळे माणसं जवळ येतात' हे वाक्य बक्षीस समारंभात हमखास ऐकू येतं. संयुक्त राष्ट्रांनी तर २०१३ साली ठराव करून ६ एप्रिल हा दिवस विकास आणि शांततेसाठीच्या खेळाला देऊन टाकला. पण संशोधकांनी जेव्हा हे वाक्य खरोखर तपासून पाहिलं, तेव्हा जे निघालं ते आमच्या त्या डांबापाशीच दडलेलं होतं. खेळ माणसं जोडतो आणि तोडतोही. कोणतं होणार हे बरंचसं भिडू कसे पाडले आणि कुणी पाडले यावर ठरतं.

शेजार आहे, ओळख कुठाय?

सोलापूरवर लिहायला बसलं की उभ्या-आडव्या धाग्यांची, चादरीची उपमा द्यायचा मोह होतो. तो आवरतो, कारण त्या उपमेनं आपण स्वतःला फार लवकर शाबासकी देतो. आपल्याकडे पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात तेलुगू चालतं, बाळीवेशीकडे कन्नड कानावर येतं, विजापूर वेशीत दख्खनी, आणि बाजारात सगळेच सगळ्या भाषा थोड्या थोड्या बोलतात. एकोप्याचा दाखला द्यायचा तर चार हुतात्मे आहेतच: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघे एकाच दिवशी फासावर गेले. दाखला खराच आहे. पण तो ९० वर्षांहून जुना आहे, आणि आज सोळा वर्षांच्या पोराला पलीकडच्या पेठेतल्या किती जणांची नावं माहीत आहेत, हे तो सांगत नाही.

आधीच्या पिढीला निदान गिरणीची पाळी होती. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांत वेगवेगळ्या घरांतली माणसं एका भोंग्यावर आत जायची. तिथंही सगळं आलबेल नव्हतं, पण रोजची गाठ होती. गिरण्या बंद पडल्या. यंत्रमाग छोट्या छोट्या शेडमध्ये चालतो आणि विडी तर घरच्या उंबऱ्यातच वळली जाते. शाळाही माध्यमाप्रमाणे वेगळ्या: मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू, आणि आता सगळ्यांची धाव इंग्रजीकडे. म्हणजे शेजार आहे, 'काय, बरं हाय का?' आहे, पण दोघांनी मिळून काही करायचं ठिकाण नाही.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी नेमका हा फरक अभ्यासला. त्यांनी भारतातल्या सहा शहरांच्या तीन जोड्या लावल्या, जवळपास आमच्या चंद्र-सूर्यासारख्याच: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. प्रत्येक जोडीत हिंदू-मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, पण एका शहरात दंगली वारंवार आणि दुसऱ्यात कमी. २००२ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष थोडक्यात असा: नुसत्या शेजारधर्माचा, सणाला शिरखुर्मा आणि करंज्या पाठवण्याचा, उपयोग आहे, पण मोठ्या ताणाखाली तो तुटतो. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब अशा ज्या संस्था दोन्हीकडची माणसं मिळून चालवतात, त्या जास्त टिकतात. अफवा पसरते तेव्हा शेजाऱ्याला दार लावून घ्यावंसं वाटतं. संस्थेच्या सेक्रेटरीकडे समोरच्या वस्तीतल्या दहा जणांचे नंबर असतात आणि फोन करायला कारणही असतं.

म्हणून वर्षातून एकदा पांढरे टी-शर्ट घालून काढलेल्या 'एकता दौडी'बद्दल मला फारसा उत्साह वाटत नाही. दौड संपते, केळं आणि पाण्याची बाटली मिळते, पोरं घरी जातात. दर मंगळवार-गुरुवारी भरणारा, हिशेबाची वही असलेला आणि भांडणं होणारा एखादा साधा खो-खोचा संघ त्याहून कितीतरी जास्त काम करतो.

लिंबू-टिंबूचा प्रश्न

वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र आली की पूर्वग्रह कमी होतात का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली याचं उत्तर दिलं: होतात, पण चार अटींवर. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एकच हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडली पाहिजे, आणि ज्यांचा शब्द चालतो अशा वडीलधाऱ्यांचा, संस्थांचा या भेटीला पाठिंबा हवा.

पहिली अट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. धाकट्या भावंडाला खेळायला घ्यावंच लागलं तर त्याला लिंबू-टिंबू करायचं. तो धावणार, हसणार, पण आउट झाला तरी मोजायचा नाही आणि त्याच्या धावाही धरायच्या नाहीत. मोठ्यांच्या कार्यक्रमांत असे कितीतरी लिंबू-टिंबू असतात. 'सर्वसमावेशक' दिसावं म्हणून टीममध्ये घेतलेली एखादी मुलगी, कायम अकराव्या नंबरला फलंदाजी करणारा वस्तीतला मुलगा, बाउंड्रीवर चेंडू आणून देणारा पण फोटोत नसलेला पोऱ्या. ही सगळी 'सहभागी' मंडळी आकड्यांत मोजली जातात. ऑलपोर्टच्या हिशेबात ती धरता येणार नाहीत, कारण रोज दुय्यम जागी भेटलं तर पूर्वग्रह आणखी पक्का होतो. 'बघ, यांना येतच नाही' याचा पुरावाच मिळतो.

दुसरी आणि तिसरी अट किती महत्त्वाची, हे त्याच १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफ्फर शरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञानं दाखवलं. अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांना त्यानं उन्हाळी शिबिरात नेलं आणि दोन गट केले. मुलं एकमेकांना अनोळखी, घरं सारखीच मध्यमवर्गीय, धर्म एक, रंग एक. भांडायला काही कारण नव्हतं. मग दोन गटांत बेसबॉल आणि रस्सीखेच लावली. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, राहत्या खोल्यांवर धाडी घालणं, शिव्या. म्हणजे तंटा मुळात खेळानंच पेटवला होता. नंतर दोन्ही गटांना एकत्र सिनेमा दाखवून, एकत्र जेवू घालून काही फरक पडला नाही. जेवताना खरकटं फेकाफेकी झाली. पाण्याची टाकी बिघडली, ती सगळ्यांनी मिळून दुरुस्त करावी लागली; ट्रक बंद पडला, तो दोरखंड लावून सगळ्यांनी ओढला. अशी कामं लागोपाठ पडली तेव्हा कुठं वाफ निवली. बंद पडलेला ट्रक ओढायला वापरलेला दोर रस्सीखेचीचाच होता, ही गोष्ट मला फार आवडते.

आता आपल्याकडं या. गेल्या काही वर्षांत समाजासमाजाच्या प्रीमियर लीग सुरू झाल्या आहेत. अमुक समाजाच्या आठ टीम, खेळाडूंचा लिलाव, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. यात वाईट काही नाही. आपल्या माणसांत उठबस वाढते, बुजरी पोरं मैदानावर येतात, एखाद्याची फी भरायला दहा जण पुढं येतात. समाजशास्त्रात याला 'बांधणारं' सामाजिक भांडवल, म्हणजे ओळखी-भरवशाची पुंजी, म्हणतात आणि दोन गटांना जोडणाऱ्याला 'पूल बांधणारं'. अडचण इतकीच की पहिल्याची उलाढाल करून दुसऱ्याचं श्रेय घेता येत नाही.

हा प्रयोग देशानं आधी करून पाहिला आहे. मुंबईत १९१२ पासून चौरंगी सामने व्हायचे: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. १९३७ मध्ये पाचवा 'इतर' संघ आला आणि ते पंचरंगी झाले. क्रिकेट उत्तम, गर्दी अफाट. पण टीम धर्मावर पाडलेल्या, आणि १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी त्याविरुद्ध जाहीर मत दिलं. १९४५-४६ च्या मोसमानंतर ती स्पर्धा संपली. याच सामन्यांत हिंदूंकडून खेळलेले पळवणकर बाळू यांची गोष्ट तर प्रत्येक प्रशिक्षकाला सांगावी अशी आहे. दलित कुटुंबातला हा थोर डावखुरा फिरकी गोलंदाज. त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालायचा, त्यांनी घेतलेले बळी सगळ्यांना हवे असायचे, पण पुण्यात चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. कर्णधारपद त्यांना कधीच नीट मिळालं नाही. ते धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, १९२३ मध्ये. म्हणजे एकाच टीममध्ये असूनही दर्जा बरोबरीचा नव्हता, आणि तो बरोबरीचा व्हायला भावांची अख्खी कारकीर्द गेली.

चिठ्ठ्या टाकून बघितलं

ऑलपोर्टचं म्हणणं पटण्यासारखं असलं तरी एक शंका राहतेच. मिसळून खेळणारी मुलं मुळातच मोकळ्या मनाची असतील तर? मग खेळानं काय केलं? याचं उत्तर काढायचं तर कोण कुठल्या टीममध्ये हे ना मुलांनी ठरवायचं, ना प्रशिक्षकानं. चिठ्ठ्या टाकायच्या. चंद्र-सूर्यच.

मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशात वाराणसी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात तेच केलं. १४ ते ३० वयाचे १,२६१ तरुण आणि महिनाभराच्या क्रिकेट लीग. काहींना चिठ्ठीनं आपल्याच जातगटाच्या टीममध्ये टाकलं, काहींना मिश्र टीममध्ये, आणि काहींना खेळवलंच नाही, म्हणजे तुलना करता येईल. २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्र टीममध्ये खेळलेल्यांची दुसऱ्या जातींतल्या मुलांशी मैत्री वाढली, निवड करताना आपल्याच जातीला झुकतं माप देणं कमी झालं, आणि आपसांतली देवाणघेवाणही जास्त चोख झाली. याउलट दुसऱ्या जातींचे खेळाडू ज्यांना जास्त करून प्रतिस्पर्धी म्हणूनच भेटले, त्यांचं जातीपलीकडचं येणंजाणं साधारणपणे घटलंच. एकच खेळ, मैदान तेच आणि महिनाही तोच. फरक फक्त तो माझ्या बाजूनं खेळला की माझ्याविरुद्ध, एवढाच.

दुसरा प्रयोग इराकमधला. आयसिसच्या हल्ल्यात घरंदारं सोडून पळालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल टीम होत्या. सलमा मूसा या संशोधिकेनं लीग भरवली आणि चिठ्ठ्या टाकून काही टीममध्ये मुस्लिम खेळाडू घातले, काहींत आणखी ख्रिस्तीच. निकाल २०२० मध्ये आला. मिश्र टीममधले ख्रिस्ती खेळाडू खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी दुसऱ्या टीममधल्या मुस्लिम खेळाडूला मत द्यायला जास्त तयार होते, पुढच्या मोसमात पुन्हा मिश्र टीमसाठी नाव द्यायलाही, आणि सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करत होते. पण मैदानाबाहेर, मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जाणं किंवा मिश्र समारंभाला हजर राहणं, यात फारसा फरक पडला नाही. ओळखीच्या मुस्लिम खेळाडूंवर भरवसा बसला, अनोळखी मुस्लिमांवर नाही.

अनेक जण हा निकाल वाचून नाउमेद होतात. मला तो प्रामाणिक वाटतो. बाळूंच्या चहाच्या भांड्याची गोष्ट हीच सांगते की मैदानाची हद्द फक्कीच्या रेषेवर संपते, आणि पलीकडं जायचं तर वेगळी खटपट करावी लागते.

शिट्टी कुणाच्या हातात?

'युवकांनी चालवलेला' खेळ हा शब्दप्रयोग प्रकल्पांच्या कागदांत सढळ हातानं वापरला जातो. तो खरा की नुसता लावलेला, हे ओळखायला रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेली आठ पायऱ्यांची शिडी सोयीची आहे. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे सहभागच नव्हे: मुलांना वापरून घेणं, त्यांना सजावटीला उभं करणं, आणि नावापुरतं एखाद्याला पुढं करणं. फ्लेक्सवर नेत्यांच्या रांगेखाली पोरांचे पासपोर्ट फोटो असतात ना, ती दुसरी पायरी. सर्वांत वरची पायरी मात्र मोठी माणसं गायब होण्याची नाही. तिथं सुरुवात मुलांची असते आणि निर्णयात मोठ्यांनाही ती सामील करून घेतात.

कागद बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. साहित्याच्या पेटीची किल्ली कुणाकडे असते? टीम कोण पाडतं? भांडण झालं तर कुणाचा शब्द शेवटचा? तिन्हींचं उत्तर 'सर' किंवा 'भाऊ' असेल, तर तो मोठ्यांचा उपक्रम आहे. चांगला असू शकतो, पण त्यात पोरं फक्त खेळाडू आहेत.

केनियात नैरोबीच्या माथारे झोपडपट्टीत १९८७ मध्ये सुरू झालेल्या युवा क्रीडा संघटनेनं किल्लीच मुलांकडे दिली. तिथं लीगचे गुण नुसत्या विजयाला मिळत नाहीत, वस्तीतला कचरा साफ केल्यालाही मिळतात. ट्रक ओढण्याचा प्रसंग त्यांनी कायमचा वेळापत्रकातच घातला म्हणा. कोलंबियातल्या मेडेयीन शहरात १९९० च्या दशकात याहून धाडसी नियम निघाले. १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्या गोलात चेंडू गेला म्हणून आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा तिथं खून झाला होता. त्याच शहरात मुलं-मुली मिश्र टीममध्ये, रेफरीशिवाय फुटबॉल खेळू लागली. आधी दोन्ही टीम बसून नियम ठरवणार, मग खेळणार, मग पुन्हा बसून कोण ठरल्याप्रमाणे वागलं यावर बोलणार आणि एकमेकांना गुण देणार. मुलीनं गोल केल्याशिवाय मुलांचे गोल धरायचे नाहीत असाही नियम होता. हे ऐकून आपल्याकडचा खेळाडू म्हणेल, "हे काय खेळ झाला का!" पण रडीचा डाव कुणाचा हे दोन्हीकडच्यांनी समोरासमोर बसून ठरवायचं, ही सवय शिट्टी वाजवणारे सर आयुष्यभर लावू शकत नाहीत.

खो-खो का, क्रिकेट का नाही

मी क्रिकेटवेडा आहे, तरी सांगतो. एकोप्यासाठी सोलापुरात एकच खेळ निवडायचा झाला तर मी खो-खो घेईन. खर्च नगण्य: दोन खांब, फक्कीची पिशवी आणि माती. पण मुख्य कारण त्याच्या रचनेत आहे. आठ जण पाटीवर बसलेले, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नववा पळतो, पण त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि उलट फिरता येत नाही. समोरचा गडी वळसा घालून पलीकडं गेला की कितीही चपळ असलास तरी तू अडकलास. पलीकडं तोंड करून बसलेल्याच्या पाठीला हात लावून 'खो' द्यायचा आणि त्याच्या जागी गुमान बसायचं. एकट्यानं डाव ओढून नेणं नियमातच नाही. क्रिकेटमध्ये एखादा जण शतक ठोकून बाकीच्या दहांना प्रेक्षक करू शकतो.

आणि स्पर्श. पाठीला हात लागल्याशिवाय खो होत नाही. कबड्डीत साखळी धरायची तर घामट हातात हात घ्यावाच लागतो. ज्या समाजात कुणी कुणाला शिवायचं यावर हजारो वर्षं हिशेब ठेवले गेले, तिथं हे दोन खेळ अंगाला अंग लावूनच शिकवले जातात, आणि 'खो' हा शब्द चारही भाषांत तोच राहतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्राचे होते: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्यामुळे 'त्यात पुढं काय?' असं विचारणाऱ्या पालकांना द्यायला आता उत्तरही आहे.

पाण्याचा दिवस, रोजा आणि गड्डा

सोलापुरात मिश्र संघ बांधायला बसलं की पहिला वाद डावपेचांचा होत नाही, वेळेचा होतो. आणि माझ्या मते खरं काम तिथंच होतं.

सरावाला मुली का येत नाहीत? एका ठिकाणी महिनाभर हजेरी पाहिल्यावर लक्षात आलं की गैरहजेरीला एक ताल आहे. इथं नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि पाण्याचा दिवस असला की मुलगी घागरीपाशी. भाऊ मैदानावर हजर असतो, ते वेगळं. विडी वळणाऱ्या घरात हजार विड्या पुऱ्या व्हायच्या असतील तर पानं कापायलाही तीच लागते. 'मुलींना आवडच नाही' हा निष्कर्ष काढणं सोपं होतं. वेळापत्रक भिंतीवर लावताना ज्या त्या वस्तीचा पाण्याचा दिवस त्यावर लिहिणं, हा उपाय एका पंधरा वर्षांच्या पोरानं सुचवला. मोठ्यांच्या बैठकीत तो कधीच निघाला नव्हता.

तसंच इतर दिवसांचं. रमजानमध्ये संध्याकाळचा सराव ठेवला तर रोजा धरणारी पोरं ऐन तहानेच्या वेळी पळणार. इफ्तारनंतर दिव्याच्या उजेडात ठेवला तर सगळ्यांना जमतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डायात्रा असते, होम मैदान पाळणे आणि दुकानांनी भरतं, नंदीध्वजांचा सराव करणारे गडी आधीपासून मोकळे नसतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, पूर्व भागातलं कुणी येणार नाही. १४ एप्रिल आलाच. एप्रिल-मे मध्ये दुपारी मैदानावर पाय ठेवणंच शक्य नाही, सकाळी साडेसहाच्या आत आवरायचं. हे सगळं एका कॅलेंडरवर मांडायचं तर अठरा वर्षांच्या कर्णधाराला शेजारच्या पेठेचं वर्ष कसं चालतं हे विचारावं लागतं. भाषणात सांगितलेली 'सर्वधर्मसमभावा'ची व्याख्या तो विसरेल, पण रोजा किती वाजता सुटतो हे नाही.

नव्या वस्त्यांत हे आणखी निकडीचं आहे. कुंभारीजवळ २००६ साली विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची १०,००० घरं झाली. तिथंच रे नगरची १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी लोकांच्या ताब्यात गेली: यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक, चालक. शहरातल्या वेगवेगळ्या गल्ल्यांतून उठून आलेली हजारो कुटुंबं एकाच वेळी एकमेकांचे शेजारी झाली. अशा जागी अजून कुठलीच गल्ली 'त्यांची' झालेली नसते. भिडू पाडायला याहून बरी वेळ सापडणार नाही, आणि पहिली दोन वर्षं गेली की मंडळांचे फलक लागतात.

मुलींबद्दल एक राहिलं. मैदान मिळणं ही अर्धीच गोष्ट. तिथं स्वच्छतागृह आहे का, बदलायला आडोसा आहे का, ट्रॅक पँट आणि ओढणी दोन्ही चालतात का, आणि अंधार पडायच्या आत घरी सोडायला कोण येणार, यावर घरून हो-नाही ठरतं. ताईनं शिकवलं तर आया पाठवतात. एका आईनं मला सरळ विचारलं होतं, "शिट्टी बाईच्या हातात हाय का?" मी 'हो' म्हटल्यावरच पोरगी आली.

मोजायचं काय?

अहवालात सहसा किती मुलं आली, किती सामने झाले, किती ट्रॉफ्या वाटल्या हे असतं. त्यातून फक्त वर्दळ कळते. लोव आणि मूसा यांनी काय मोजलं ते पाहा: मित्र म्हणून कुणाची नावं सांगितली, मत कुणाला दिलं, नंतर कुणाबरोबर सराव केला. हे आपणही वहीत लिहू शकतो. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येकाला विचारायचं, अडल्यानडल्याला कुणाला फोन करशील, पाच नावं सांग. सहा महिन्यांनी तेच विचारायचं. मोटारसायकलवर डबलसीट कोण कुणाला आणतो, ईदला आणि लग्नाला कोण कुणाच्या घरात आतपर्यंत गेलं, आणि तणावाच्या संध्याकाळी संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय फिरलं. शेवटचं तर जरूर बघावं. ग्रुप चिडीचूप झाला असेल तर पुढच्या सरावाआधी बसून बोलायला हवं, खेळायच्या आधी.

दर तीन-चार आठवड्यांनी टीम मोडायच्या आणि पुन्हा पाडायच्या, हे मी आग्रहानं सांगतो. नाहीतर मिश्र टीमचंही मंडळ होतं. पोरं कुरकुरतात, "आता कुठं जमलं होतं की!" म्हणून. जमलं होतं म्हणूनच मोडायची.

मी हल्ली सामना बघायला जातो तो संपताना. स्कोअर विचारत नाही. पोरं बूट काढतात, फक्कीचे पांढरे पाय झटकतात आणि निघतात. सुरुवातीला मैदानाच्या फाटकापाशीच दोन घोळके होऊन दोन दिशांना जायचे. मग उसाच्या रसाच्या गाड्यापर्यंत एकत्र जाऊ लागले, कारण हरलेल्या टीमनं रस पाजायचा असं त्यांनीच ठरवलं होतं. परवा पाहिलं तर दोन पोरं आणि तिघी पोरी गाडा ओलांडून, चौक ओलांडून बोळाच्या तोंडापर्यंत बडबडत गेली. त्यातल्या दोघांचं घर त्या दिशेला नाहीच. बोळाच्या तोंडाशी थांबून त्यांचा पाच मिनिटं वाद चालला होता, शेवटच्या डावात गडी बाद होता की नव्हता यावर.